कलाक्षेत्रातून नर्सिंगकडे: नाशिककरांसाठी पायरी-पायरीने वाट

चित्रं, नाटक, फोटोग्राफी, मेकअप यांत काही वर्षं काढल्यावर नर्सिंगचा विचार मनात आला, की माणूस आधी स्वतःला विचारतो, 'मला हे झेपेल का?' हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा, की बारावीच्या मार्कशीटवर कोणते विषय आहेत आणि तुमचं वय किती? या दोन गोष्टी जुळत नसतील तर कितीही सेवाभाव असला तरी दार उघडत नाही. जुळत असतील तर झेपेल की नाही ते तपासायला वेळ मिळतो.

मी रंगभूषेच्या कामातून इकडे आले. कालिदास आणि सायखेडकर नाट्यगृहांत प्रयोगांची कामं, लग्नसराईत नवऱ्या मुली, आणि आता वॉर्ड. त्यामुळे ओळखीतले नट, चित्रकार, डिझाइनवाले अधूनमधून विचारायला येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे त्याच क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: मार्कशीट काढा, जन्मतारीख बघा

नर्सिंगला तीन मुख्य वाटा आहेत.

एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, दोन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण प्रवेश फक्त मुलींना. पुढे उपकेंद्र, लसीकरण, गावपातळीवरचं काम.

जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावीला एकूण किमान 40 टक्के आणि इंग्रजीतही स्वतंत्रपणे 40 टक्के लागतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असलं तरी कला किंवा वाणिज्य शाखेची बारावी चालते. कलाक्षेत्रातून येणाऱ्या बहुतेकांची खरी वाट हीच.

बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा. इथे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. खुल्या प्रवर्गाला विज्ञान विषयांत एकत्रित 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के. शिवाय राज्य सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी द्यावी लागते. तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असे पाच भाग, प्रत्येकी 20 गुणांचे.

वयाची खालची अट 17 आणि वरची 35. ही वरची अटच आपल्या लोकांना नडते, कारण कलाकार बहुधा तिशीनंतर विचार करायला लागतो. 'यंदाचा सीझन करून बघू' म्हणता म्हणता तीन गणपती निघून जातात. 2027 च्या सिंहस्थात भिंती रंगवायची, सजावटीची कामं मिळतील म्हणून थांबलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. कामं मिळतीलही, पण तेहतिशीत असाल तर आधी कॅलेंडर बघा.

आता एक फार कॉमन अडचण. दहावीनंतर फाउंडेशन आणि मग जी. डी. आर्ट केलेल्यांची बारावी झालेलीच नसते. बीएफए केलेले म्हणतात, 'माझी तर डिग्री आहे.' नर्सिंगच्या पात्रतेत त्या डिग्रीला किंमत नाही, बारावीच मोजतात. बारावी नसेल, किंवा बी. एस्सी. साठी विज्ञान विषय हवे असतील, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून बारावी करता येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत ती चालते, मात्र बी. एस्सी. साठी विज्ञान विषय आणि इंग्रजी घेऊनच. वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा असते. प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रावर होतात, ती टाळता येत नाहीत.

दुसरी पायरी: वाट निवडा

माझं मत स्पष्ट आहे. वय 28 च्या पुढे आणि बारावी कला शाखेची असेल तर जीएनएम. विज्ञानाची बारावी पुन्हा करून मग चार वर्षं बी. एस्सी. म्हटलं, तर पाच-सहा वर्षं सहज जातात, आणि तितका काळ घरातला दुसरा कमावता हात सांभाळून घेईल असं फार थोड्यांच्या बाबतीत असतं. जीएनएम करून नोंदणी झाली की नोकरीला लागता येतं आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी. एस्सी. करून पदवीही मिळते. तीन अधिक दोन म्हणजे पाचच वर्षं, पण मधे पगार सुरू होतो. वयाने विशीत असाल आणि विज्ञानाची बारावी हातात असेल, तर मात्र सरळ बी. एस्सी.

मुलग्यांसाठी थोडं वेगळं. 'ब्रदर' म्हणून कामं आहेत, आयसीयू, कॅज्युअल्टी, मानसोपचार विभागात तर हवेच असतात. पण जागा कमी. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत 80 टक्के जागा महिलांना आणि 20 टक्के पुरुषांना असा हिशोब असतो. हे माहीत असून यायचं.

नाशिकचा एक फायदा असा, की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला दिंडोरी रोडवर आहे. 1998 पासूनचं हे विद्यापीठ, राज्यभरातली बी. एस्सी. नर्सिंग कॉलेजं त्याला संलग्न आहेत. एखाद्या कॉलेजची संलग्नता खरी की नुसती फ्लेक्सवरची, हे तपासायला मुंबईला जावं लागत नाही. जीएनएम आणि एएनएमच्या परीक्षा मात्र विद्यापीठ घेत नाही. त्या महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे असतात.

इथे जरा थांबा: बनावट 'नर्सिंग कोर्स'

सीबीएस, शालिमार, नाशिकरोड कुठेही जा, 'सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी' अशी पाटी दिसेल. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. काही ठिकाणी जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स असतो, म्हणजे रुग्णाची अंघोळ, कूस बदलणं, भरवणं, चादर बदलणं यांचं प्रशिक्षण. ते प्रामाणिक काम आहे, त्याला मागणीही आहे. पण त्याने परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही. एक वर्षाच्या 'डिप्लोमा इन नर्सिंग'च्या नावाने भरमसाट फी घेणाऱ्यांपासून तर लांबच राहा.

तपासणी सोपी आहे. कॉलेजला तीन प्रश्न विचारा. अभ्यासक्रमाचं नेमकं नाव काय? परीक्षा कोण घेतं? शेवटी नोंदणी कोणत्या परिषदेत होते? उत्तरं एएनएम, जीएनएम किंवा बी. एस्सी., मंडळ किंवा विद्यापीठ, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद अशी आली पाहिजेत. मग घरी येऊन भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत चालू वर्षासाठी त्या कॉलेजचं नाव आहे का ते बघा. पुढेमागे परदेशी जायचा विचार असेल तर ही यादी फार महत्त्वाची ठरते. चौथा प्रश्न मी नेहमी विचारायला लावते: विद्यार्थ्यांना क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम, कुठे मिळतं, आणि तिथे खाटा किती? ज्या कॉलेजच्या मुलींना वॉर्डच नीट बघायला मिळत नाही, त्यांना नोकरीत पहिल्याच आठवड्यात घाम फुटतो.

तिसरी पायरी: वॉर्डाचा वास घेऊन बघा

फॉर्म भरण्याआधी हे करा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा वर्ग करा. घरातल्या किंवा नात्यातल्या कुणाला ॲडमिट केलं, तर रात्रीचं थांबणं मागून घ्या. शक्य असेल तर अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजी-आजोबांच्या देखभालीचं काम काही आठवडे धरा. बेडपॅन, उलटी, सडलेल्या जखमेचं ड्रेसिंग, लघवीच्या पिशवीतलं माप घेणं, या गोष्टींची सवय होते, पण ती व्हायला हवी आहे असं स्वतःला वाटतं का, हे अशा रात्रींत कळतं.

आणि ड्युटीची वेळ. साधारण सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8 असं चक्र बऱ्याच सरकारी रुग्णालयांत असतं. तालमी करून रात्री एकला घरी येणाऱ्या, सकाळी दहाला उठणाऱ्या माणसाला नाईट सोपी वाटते. नाईट सोपी नाही. नाईटनंतर लगेच मॉर्निंगचं चक्र सुरू झालं की झोपेचं पार खोबरं होतं. दिवाळीत, गणपतीत, घरच्या लग्नातही ड्युटी लागते.

चौथी पायरी: पैसे

फ्रीलान्स माणसाला फी फारशी अडवत नाही. तीन वर्षं ऑर्डरी बंद राहणार, हे जास्त अडवतं. पूर्णवेळ हजेरी असते, क्लिनिकलचे तास भरावे लागतात, त्यामुळे 'कॉलेज करून संध्याकाळी कामं करेन' हे पहिल्या वर्षी तरी मनातून काढून टाका. रविवारी एखादी ऑर्डर जमते, सीझन जमत नाही.

सरकारी जागेची फी खाजगीच्या तुलनेत फारच कमी, म्हणून मेरिटच्या यादीसाठी जीव तोडून प्रयत्न करावा. खाजगीत गेलात तर फक्त ट्यूशन फी विचारू नका. वसतिगृह, युनिफॉर्म, परीक्षा फी, क्लिनिकलला न्यायची बस, सगळं मिळून तीन वर्षांचा आकडा लेखी घ्या. रुग्णालयाचं स्वतःचं कॉलेज असेल तर बॉण्ड आहे का, किती वर्षांचा, मोडला तर किती भरायचे, तेही लेखी.

मुलींसाठी एक मोठी सवलत आहे. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज त्यात बसतं का, ते प्रवेशाआधीच विचारून घ्या, कारण मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत हातची जाते. बाकी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. शैक्षणिक कर्जाला बँका 4 लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत.

पाचवी पायरी: कागदपत्रं

दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला आणि लागू असेल तर व्हॅलिडिटी, नॉन क्रीमी लेअर, मेडिकल फिटनेस. शिक्षणात खंड असल्यामुळे गॅप ॲफिडेव्हिट लागेलच.

कलाकारांची खास भानगड नावाची. पोस्टरवर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. नर्सिंगमध्ये शेवटी नोंदणी प्रमाणपत्रावर जे नाव येतं, ते आयुष्यभर सोबत राहतं, म्हणून राजपत्रातली नावबदलाची प्रक्रिया प्रवेशाआधी उरकून घ्या. आणि हिपॅटायटिस बीची लस. तिचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, म्हणजे फॉर्म भरायचं ठरलं त्याच महिन्यात पहिला डोस घेतला तर पहिल्या पोस्टिंगला जाईपर्यंत कोर्स पूर्ण होतो.

सहावी पायरी: पहिलं वर्ष काढणं

पहिल्या वर्षी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पोषण, प्रथमोपचार, सामुदायिक आरोग्य आणि नर्सिंगची मूलतत्त्वं. पुस्तकं इंग्रजीत, वर्गात अठरा वर्षांच्या मुली, आणि मॅडम कदाचित तुमच्यापेक्षा लहान. त्यांना 'मॅडम'च म्हणायचं, आणि वॉर्डातल्या मावशी-मामांकडून शिकायला लाजायचं नाही. रुग्णाला न दुखवता चादर कशी बदलायची, हे मावशींइतकं चांगलं कुणीच शिकवत नाही.

'कलाकार संवेदनशील असतात, म्हणून चांगल्या नर्स होतात,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर हसते. संवेदनशीलता पहिल्या मृत्यूच्या वेळी रडवते आणि पुढच्या खाटेवरचं इंजेक्शन मात्र वेळेवरच द्यायचं असतं. कलेच्या कामातून आलेलं जे खरं उपयोगी पडतं, ते म्हणजे नजर आणि तालमीची सवय.

नजरेचं उदाहरण देते. एकाच स्थितीत पडून राहिलेल्या रुग्णाला पाठीवर, माकडहाडावर, टाचेवर जखम होते, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. जखमेची पहिली पायरी म्हणजे लाल डाग, जो बोटाने दाबला तरी पांढुरका पडत नाही. पुस्तकात हे गोऱ्या कातडीवर दाखवलेलं असतं. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या त्वचेवर लाल दिसतच नाही. तिथे जांभळट झाक, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणं, हे ओळखावं लागतं. कोणत्या त्वचेवर कोणता बेस बसतो ते ज्याने वर्षानुवर्षं पाहिलंय, त्याला ही झाक लवकर दिसते. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बघायची, तीही खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, हे ग्रीनरूममध्ये काम केलेल्याला सांगावं लागत नाही. ओठ-जीभ निळसर वाटली तर रंगाच्या छटेवर विचार करत बसायचं नाही, ताबडतोब ऑक्सिजन मोजायचा आणि डॉक्टरांना हाक मारायची.

गणिताची भीती मात्र घालवावीच लागते. समजा, 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचंय आणि सेटच्या पाकिटावर 1 मिलीला 20 थेंब लिहिलंय. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब. 4 तास म्हणजे 240 मिनिटं. भागाकार साधारण 42, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. घड्याळ समोर धरून 15 सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का ते मोजायचं. मायक्रो सेट असेल तर 1 मिलीला 60 थेंब, आणि सगळा हिशोब बदलतो. रोज असली दोन गणितं केली तरी महिन्याभरात हात बसतो. तबला वाजवणाऱ्या एका मुलीला थेंब मोजायला घड्याळसुद्धा क्वचित लागायचं, तरी आम्ही तिला ते बघायला लावायचो.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंगही पहिल्याच आठवड्यात पाठ करा. रक्ताने माखलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या-कॅथेटर-सलाईनचे सेट लालमध्ये, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात.

जिथे कलाकार हमखास अडकतो ती जागा म्हणजे नोंदी. आपल्याला उत्स्फूर्ततेचं कौतुक असतं. इथे योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, मग ते दिवसातलं चाळिसावं इंजेक्शन का असेना. दिल्याबरोबर केस पेपरवर वेळ आणि सही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असंच धरतात. ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपल्यावर पुढच्या सिस्टरकडे रुग्ण सोपवतानाही, 'बाकी सगळं ठीक आहे' म्हणून सुटका नाही. खाट क्रमांक, निदान, आज काय बदललं, काय द्यायचं राहिलं, असंच सांगायचं. नाटकवाल्यांना हे तालमीच्या शिस्तीमुळे लवकर जमतं, चित्रकारांना थोडं जड जातं.

एक इशाराही. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला प्रत्येकीला तक्ते, फ्लॅश कार्ड, पोस्टर, कधी पथनाट्य करावं लागतं. तुम्हाला चित्र काढता येतं ही बातमी फुटली, की अख्ख्या बॅचचे तक्ते तुमच्या खोलीत येऊन पडतात. गोड बोलून नकार द्यायला शिका, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही जंतांच्या जीवनचक्रात हिरवा रंग भरत बसाल.

सातवी पायरी: नोंदणी आणि नोकरी

अंतिम निकाल लागला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज लगेच करा. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत भरतीची जाहिरात निघून गेलेली असू शकते. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी शैक्षणिक कार्यक्रमांची हजेरी दाखवावी लागते, म्हणून प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

राज्य शासनाच्या अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, पदाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 35,400 ते 1,12,400 ही वेतनश्रेणी आहे. वर भत्ते. भरतीची वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. म्हणजे चौतिसाव्या वर्षी जीएनएमला प्रवेश घेतलात तर खुल्या प्रवर्गात सरकारी नोकरीची संधी जेमतेम एखाद्या भरतीपुरती उरते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी स्टाफ नर्सला महिना 20 हजारांच्या आसपास मिळतात. छोट्या खाजगी रुग्णालयांत सुरुवातीला त्याहूनही कमी. तरी पहिलं वर्ष-दीड वर्ष मोठ्या, गर्दीच्या वॉर्डात काढा. जिल्हा रुग्णालय, संदर्भ रुग्णालय, बिटको रुग्णालय, आडगावचं मेडिकल कॉलेज, जिथे संधी मिळेल तिथे. चार खाटांच्या नर्सिंग होममध्ये हात तयार होत नाही.

35 उलटून गेले असतील तर? आरोग्य विभागाचं माहिती-शिक्षण-संवादाचं काम असतं: पथनाट्यं, भित्तिचित्रं, पोस्टर, छोट्या फिती. तिथे कलाकारच लागतात. किंवा वर सांगितलेला जनरल ड्युटी असिस्टंटचा मार्ग. दोन्हींना नर्सिंग म्हणता येणार नाही, पण रुग्णांच्या जवळ नेणारी कामं आहेत.

कलेचं काय करायचं

खाजगी नोकरीत नेमणूकपत्रातली बाहेरच्या कामाची अट वाचून घ्या. सरकारी नोकरीला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 लागू होतात. त्यांच्या नियम 16 प्रमाणे खाजगी व्यवसाय किंवा दुसरी नोकरी करता येत नाही, पण कर्तव्यात बाधा येत नसेल तर प्रासंगिक स्वरूपाचं साहित्यिक, कलात्मक काम करायला मुभा आहे. म्हणजे वर्षाकाठी राज्य नाट्य स्पर्धेचं एखादं नाटक, एखादं चित्रप्रदर्शन जमू शकतं. लग्नसराईच्या सलग ऑर्डरी हा मात्र व्यवसाय झाला, तो नाही. शंका असेल तिथे कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत ठेवा.

प्रयोगाची तारीख कळली की त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घाला. पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लागायच्या आधी अर्ज दिला तर बदल मिळतो. चार्ट लागल्यावर बदली ड्युटी करणारी व्यक्ती तुम्हालाच शोधावी लागते, दोघींच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो, आणि पुढच्या खेपेला तिची नाईट तुमच्याकडे येते.